शिरोरेषेतली फट आणि खोक्यावरचे आकडे

घ आणि ध या दोन अक्षरांत फरक किती? कागदावर भरपूर, स्क्रीनवर जेमतेम एका-दोन ठिपक्यांचा. ध लिहिताना डोक्यावरची रेघ तुटते आणि डावीकडे छोटी गाठ येते, घ वर ती रेघ सलग जाते. भ आणि म यांचेही असेच. आता योगायोग बघा. सरकारी कामात वापरल्या जाणाऱ्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर घ आणि ध अगदी शेजारच्या दोन कळांवर आहेत, दोन्हीही शिफ्ट दाबून उमटणारे. बोट एक घर सरकले की धोंडिबाचा घोंडिबा होतो. जून-जुलैत दाखल्यांची आणि पीकविम्याची गर्दी उसळते, परभणीपासून पालम-सोनपेठपर्यंतच्या सेवा केंद्रांवर एकेका ऑपरेटरपुढे रांग लागते, तेव्हा अशी चूक टाइप होणे साहजिक आहे. पण टाइप झाल्यावर ती त्याला दिसत का नाही? टेबलाच्या पलीकडून वाकून बघणारा अर्जदारही ‘बरोबर आहे’ म्हणून मान का हलवतो? याचे एक उत्तर घाई. दुसरे उत्तर त्या टेबलावर उभे आहे, आणि त्याच्याकडे फारसे कोणी बघत नाही. बहुतेक मॉनिटरांवर ती फट नीट उमटतच नाही. म्हणून मॉनिटर घेताना आणि घरात किंवा दुकानात असलेला मॉनिटर लावताना एकच प्रश्न विचारावा. मला आरामात वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षराला हा पडदा किती ठिपके देतो? एचडी, फुल एचडी, टू-के, फोर-के ही सगळी नावे या प्रश्नाच्या नंतरची.

ही नावे आली कुठून, ते थोडक्यात बघून घेऊ, कारण दुकानातला निम्मा गोंधळ त्यांच्यातच आहे. १९८७ साली आयबीएमने आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणले. ६४० आडवे ठिपके आणि ४८० उभे. त्यानंतर ज्याने त्याने आपापले मोठे आकडे काढायला सुरुवात केली. कार्ड एका कंपनीचे, मॉनिटर दुसऱ्या कंपनीचा, आणि दोघांचे जमेना. त्यावर तोडगा म्हणून १९८९ साली एनईसीच्या पुढाकाराने व्हेसा ही संघटना उभी राहिली आणि ८०० × ६०० या मापाला शिस्त आली. १९९० मध्ये आयबीएमचेच १०२४ × ७६८ आले, ते एक्सजीए. इथवर पडदा चारास तीन, म्हणजे चौकोनीच होता. पुढे टीव्ही रुंद झाला आणि मॉनिटर त्याच्या मागे गेला. ७६८ ओळी तशाच ठेवून सोळास नऊच्या प्रमाणात रुंदी काढली तर १३६५.३३ येते; अर्धामुर्धा ठिपका असत नाही म्हणून १३६६ केले. स्वस्त लॅपटॉपवर वर्षानुवर्षे दिसणाऱ्या त्या विचित्र आकड्यामागे एवढाच हिशोब आहे. टीव्हीच्या जगातून १९२० × १०८० आले, ते फुल एचडी. त्यापुढे २५६० × १४४० आणि ३८४० × २१६०. या शेवटच्याला दुकानात फोर-के म्हणतात, पण सिनेमावाल्यांचे खरे फोर-के ४०९६ × २१६० आहे. आणि एक मेख लक्षात ठेवा. १०८० हा आकडा उंचीचा आहे आणि फोर-के मधला चार हजार हा रुंदीचा. एकीकडे उभे मोजले, दुसरीकडे आडवे. म्हणून १०८० वरून फोर-केला गेलो म्हणजे चौपट बारीक दिसेल असे वाटते. एकूण ठिपके खरोखर चौपट होतात, सुमारे २१ लाखांचे ८३ लाख, पण एका बाजूने बघितले तर बारीकपणा दुपटीनेच वाढतो. आणि ‘एचडी’? टीव्हीच्या खोक्यावर, मॉनिटरच्या खोक्यावर आणि लॅपटॉपच्या जाहिरातीत त्याचा अर्थ एकसारखा निघेलच असे नाही. मॉनिटरवर तो बहुतेक वेळा १३६६ × ७६८ असतो. नाव सोडा, आकडे वाचा.

पण नुसते आकडेही पुरत नाहीत. कापूस लावणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. शेतात एकूण झाडे किती, हे ऐकून कोणी अंदाज बांधत नाही. चार बाय दीड लावली की चार बाय एक, हे विचारतात. चार बाय दीड फुटांवर एकरी ७,२६० झाडे बसतात, चार बाय एकवर १०,८९०. मॉनिटरलाही हेच लागू. १९२० × १०८० ही झाली झाडांची एकूण संख्या. ती साडेएकवीस इंचांच्या पडद्यात बसवली की सत्तावीस इंचांच्या, यावर दाटी ठरते. ही दाटी इंचाला किती ठिपके अशी मोजतात आणि ती काढायला कॅल्क्युलेटरची एक भागाकाराची कळ पुरते. पडद्याच्या कर्णावर किती ठिपके मावतात ते आकडे ठरलेले आहेत. १३६६ × ७६८ साठी १५६७, १६०० × ९०० साठी १८३६, फुल एचडीसाठी २२०३, २५६० × १४४० साठी २९३७ आणि फोर-केसाठी ४४०६. या आकड्याला मॉनिटरच्या इंचांनी भागा. साडेअठरा इंची, १३६६ वाला स्वस्त मॉनिटर इंचाला ८५ ठिपके देतो. साडेएकवीस इंची फुल एचडी १०२, चोवीस इंची ९२. तेच फुल एचडी सत्तावीस इंचात पसरले की ८२ वर येते, म्हणजे साडेअठरा इंची स्वस्त मॉनिटरपेक्षाही विरळ. पैसे जास्त दिले, पडदा मोठा दिसला आणि अक्षर होते त्याहून भरड झाले, असा हा व्यवहार आहे. त्या मापावर घ्यायचेच तर २५६० × १४४० घ्यावे, तिथे १०९ येतात.

दाटी किती हवी हे अंतरावर ठरते, आणि हे समजायला चौकातला फ्लेक्स पुरतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा चेहरा रस्त्यावरून ठसठशीत दिसतो. जवळ जाऊन नाक लावले की नुसते रंगाचे ठिपके. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या अंतरावरच्या दोन खुणा वेगळ्या ओळखतो. हा कोन वीस फुटांवर पावणेदोन मिलिमीटर भरतो, म्हणून फ्लेक्सला इंचाला पंधरा-वीस ठिपकेही चालून जातात. दहा फुटांवरच्या टीव्हीला तीसेक पुरतात. मॉनिटर मात्र हातभर अंतरावर, साधारण साठ सेंटिमीटरवर असतो. तिथे तोच कोन पाऊण नव्हे, अर्धा नव्हे, ०.१७ मिलिमीटर होतो. त्या हिशोबाने इंचाला १४५ ठिपके लागतात. आणि मोबाइल? साडेसहा इंची फोनवर १०८० × २४०० ठिपके असले तर दाटी ४०० च्या पुढे जाते. ‘मोबाइलवर मराठी इतके स्वच्छ दिसते, कॉम्प्युटरवरच का फुटते’ या नेहमीच्या तक्रारीचे हे साधे उत्तर आहे. फॉन्टला उगीच दोष देतात.

आता मूळ मुद्द्याला हात घालू. साठ सेंटिमीटरवरून आरामात वाचायला वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत चार मिलिमीटर उंचीचे अक्षर लागते असे धरा. साडेअठरा इंची, ८५ दाटीच्या पडद्यावर त्याच्या वाट्याला उंचीत १३ ठिपके येतात. साडेएकवीस इंची फुल एचडीवर १६. सत्तावीस इंची फोर-केवर २५-२६. निम्म्या अंतरावर धरलेल्या मोबाइलवर निम्म्या मापाच्या अक्षरालाही ३२, आणि साध्या लेझर प्रिंटरच्या ६०० दाटीवर चार मिलिमीटरला ९४. इंग्रजीचा काना-मात्रा नसलेला a तेरा ठिपक्यांतही ऐसपैस बसतो. आपल्याकडे त्याच तेरात रफार, वेलांटी, अनुस्वार, शिरोरेषा, अक्षराचे अंग, खालचा उकार किंवा ऋकार, आणि मध्ये एखादे जोडाक्षर एवढा संसार थाटायचा असतो. ‘कर्तृत्व’ हा शब्द घ्या. र्तृ मध्ये रेघेच्या वर रफार, खाली ऋकार आणि दोन्हींच्या मध्ये त कोंबलेला. ‘उद्ध्वस्त’मधले द्ध्व तर तेरा ठिपक्यांत काळा डागच होते. शिरोरेषेला तिथे एक ठिपका जाडी मिळते आणि ध वरच्या फटीला एक ठिपका रुंदी. एवढ्यावर सगळे अवलंबून.

यात आणखी एक गोष्ट आपल्या लिपीच्या विरोधात जाते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. एलसीडीचा प्रत्येक ठिपका प्रत्यक्षात लाल, हिरव्या आणि निळ्या अशा शेजारी-शेजारी उभ्या तीन पट्ट्यांचा असतो. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेले आणि विंडोज एक्सपीपासून घरोघर पोचलेले क्लिअरटाइप या पट्ट्या वेगवेगळ्या वापरून अक्षराच्या कडा बारीक करते. पट्ट्या उभ्या असल्यामुळे हा फायदा आडव्या दिशेने मिळतो. इंग्रजीतल्या l, m, n यांच्या उभ्या दांड्यांना तो पुरेपूर मिळतो. देवनागरीचा सगळा बारकावा मात्र एकावर एक रचलेला, म्हणजे उभ्या दिशेने साठलेला असतो, आणि तिथे ही युक्ती फार कामी येत नाही. विंडोज २००० पासून मिळणारा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनेचे अभ्यासक असलेल्या या माणसाने पडद्यावरच्या देवनागरीसाठी ओळ ऐसपैस ठेवली, अंगे मोकळी ठेवली. पण फॉन्ट कितीही जाणत्या हाताचा असला तरी ठिपकेच मोजके असले तर तो तरी काय करणार. मराठी वाचणाऱ्याला इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा दाट पडदा लागतो, हे या सगळ्याचे तात्पर्य, आणि परदेशी परीक्षणे वाचून मॉनिटर निवडणाऱ्यांनी तेवढी भर मनाने घालून घ्यावी.

‘रेझोल्युशन वाढवले की अक्षरे बारीक होतात, डोळे दुखतात’ हा यावरचा सर्वांत मोठा आक्षेप. तो खरा आहे, आणि त्यावर लोकांनी शोधलेला उपाय चुकीचा आहे. उपाय काय, तर सेटिंगमध्ये जाऊन १९२० चे १३६६ किंवा १०२४ करायचे. ही सवय जुन्या, पोटुशा काचेच्या सीआरटी मॉनिटरच्या काळातली. तिथे ठिपके पडद्यात पक्के बसवलेले नव्हते; ८०० × ६०० दिले काय किंवा १०२४ दिले काय, इलेक्ट्रॉनांचा झोत तेवढ्या ओळी काढायचा आणि चित्र बऱ्यापैकी नीट यायचे. एलसीडीत ठिपके कारखान्यातच ठोकून बसवलेले असतात. १९२० च्या पडद्याला १३६६ चे चित्र दिले की प्रत्येक ठिपक्याला १.४ ठिपक्यांत पसरावे लागते. एक पूर्ण काळा आणि शेजारचा अर्धवट राखाडी. एक ठिपका जाडीची शिरोरेषा धुरकट पट्टा होते, आणि ध वरची एका ठिपक्याची फट त्या राखाडीत बुजून जाते. अक्षर मोठे झाले खरे, पण घ आणि ध यांच्यातला फरकही पुसला. योग्य रस्ता असा, की रेझोल्युशन त्या पडद्याच्या मूळ आकड्यावरच ठेवा. विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडले की ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेले असते तो. मग त्याच पानावर ‘स्केल’ नावाचा पर्याय आहे, तिथे १०० चे १२५ टक्के करा. अक्षर मोठे होईल आणि मोठे होताना त्याला जास्तीचे खरे ठिपके मिळतील. मूळ चित्र ताणले जाणार नाही. फक्त ब्राउझरमध्येच काम असेल तर कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबूनही तेच साधते.

यावर पक्के कॉम्प्युटरवाले म्हणतील, की जुनी सॉफ्टवेअर १२५ टक्क्यांवर धूसर दिसतात. हेही खरे आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची हिशोबाची किंवा मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर स्वतःला मोठे करून घ्यायला शिकलेली नसतात; विंडोज त्यांचा फोटो काढून तो ताणते, आणि आपण पुन्हा त्याच धुरात. म्हणूनच ज्यांचे काम अशा सॉफ्टवेअरवर चालते त्यांनी फार दाट पडद्याच्या मागे लागू नये. विंडोज १०० टक्क्यांवर असताना इंचाला ९६ ठिपके आहेत असे गृहीत धरते. पडद्याची खरी दाटी ९२ ते १०२ असली तर सगळे सॉफ्टवेअर न ताणता, जवळजवळ छापील मापात दिसते. डोळ्याच्या मर्यादेने १४५ हवेत असे वर म्हटले आणि इथे ९२-१०२ वर समाधान मानतो आहे; ही तडजोड आहे आणि ती उघडपणे केलेली बरी. सत्तावीस इंची फुल एचडीची बाजू घेणारेही आहेत. चाळिशी उलटलेल्यांना त्यावर अक्षर आपोआप मोठे दिसते, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. मात्र तो पडदा एक वीत आणखी मागे सरकवायला टेबलावर जागा पाहिजे. सेवा केंद्राच्या दोन फुटी टेबलावर, मागे भिंत असताना, ती नसते.

कित्येकदा मॉनिटर चांगला असतो, पण यादीत मूळ आकडाच सापडत नाही. फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकले आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहिला, हे त्याचे सर्वांत नेहमीचे कारण. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव दिसले तर ओळखा. रुंद पडद्यावर १०२४ × ७६८ ताणलेले, माणसे बुटकी आणि गोल दिसतात, आणि कार्यालय वर्षभर तसेच चालते. दुसरे कारण केबल. मॉनिटर आपले मूळ माप त्याच केबलमधून संगणकाला कळवत असतो. निळ्या टोकाच्या पंधरा पिनांच्या जुन्या केबलमध्ये एखादी पिन वाकलेली असली, किंवा स्वस्त केबलमध्ये त्या कामाच्या तारा जोडलेल्याच नसल्या, तर संगणकाला समोर कोण आहे तेच कळत नाही आणि तो सावधपणे छोटा आकडा धरून बसतो. शिवाय ती केबल अ‍ॅनालॉग आहे. त्यावर मूळ रेझोल्युशन असूनही अक्षराला सावली येऊ शकते. मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटण दाबून ती बरीच जाते, पण एचडीएमआय असेल तर या भानगडीत पडूच नये. तिसरे कारण सेवा केंद्रांत आणि शाळांत हमखास भेटते. अर्जदाराला दिसावे म्हणून दुसरा, जुना मॉनिटर त्याच्या बाजूला वळवून ठेवलेला असतो, किंवा वर्गात १०२४ × ७६८ चा प्रोजेक्टर जोडलेला असतो. दोन्हींवर एकच चित्र द्यायचे म्हटले की विंडोज दोघांना जमेल तो आकडा निवडते, आणि चांगल्या मॉनिटरलाही जुन्याच्या मापाने वाकावे लागते. अर्जदारासाठीचा मॉनिटर ठेवणे ही फार चांगली पद्धत आहे, ती मोडू नका. फक्त दोन्ही मॉनिटर एकाच रेझोल्युशनचे ठेवा.

अर्जांपेक्षाही कठीण परीक्षा स्कॅन केलेल्या कागदांची. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथली जुनी कागदपत्रे मोडीत आणि उर्दूत सापडतात. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून अशा कागदांना आणि त्यांच्या वाचकांना एकदम महत्त्व आले. मोडी धावती, शाई फिकी, टाकाची रेघ कुठे जाड तर कुठे केसासारखी. ए-फोर कागद ३०० दाटीने स्कॅन केला तर २४८० × ३५०८ ठिपक्यांचे चित्र तयार होते. ते पूर्ण पान फुल एचडीच्या १०८० ओळींत बसवले की दर तीन ओळींतल्या दोन जातात, आणि ७६८ च्या पडद्यावर दर नऊतल्या सात. गंमत अशी, की चोवीस इंची मॉनिटरची उंची २९९ मिलिमीटर आणि ए-फोरची २९७. म्हणजे पान त्यावर जवळपास हुबेहूब मापात उभे राहते, फक्त कागदावर ३०० असलेली दाटी ९२ झालेली असते. अशा कामाला पडदा रुंद असण्यापेक्षा उंच असलेला बरा. ज्या डीटीपीवाल्याचे किंवा मोडी वाचणाऱ्याचे दिवसभराचे काम पानांवर आहे, त्याने मॉनिटर सरळ उभा फिरवून लावावा. फिरणारे स्टँड मिळतात आणि विंडोजमध्ये ‘पोर्ट्रेट’ निवडले की चित्रही फिरते. याच कारणासाठी भंगारात चाललेल्या जुन्या सतरा इंची चौकोनी एलसीडीबद्दल दोन शब्द चांगले बोलायला हवेत. त्याचे रेझोल्युशन १२८० × १०२४ आणि दाटी ९६. नव्या, चकचकीत, रुंद साडेअठरा इंचीत उभ्या ओळी ७६८. या म्हाताऱ्यात १०२४. दिव्याचा उजेड शाबूत असेल तर सातबारा वाचायला तो नव्या स्वस्त मॉनिटरपेक्षा सरस आहे.

मग थेट फोर-केच का घेऊ नये? पानांवर आणि अक्षरांवर जगणाऱ्यांनी जरूर घ्यावा. सत्तावीस इंची फोर-के १५० टक्के स्केलवर ठेवला तर अक्षर नेहमीच्याच मापाचे, पण दीडपट ठिपक्यांचे मिळते, आणि एकदा त्यावर मराठी मजकूर तपासला की परत मागे जाववत नाही. अडचण मॉनिटरची नसते, त्याच्या मागच्या संगणकाची असते. एचडीएमआयची २००९ ची १.४ ही आवृत्ती फोर-के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा पाठवते; माउस ओढला की बाण अडखळत येतो आणि लोक मॉनिटर परत करायला धावतात. ६० साठी २०१३ ची २.० आवृत्ती किंवा डिस्प्लेपोर्ट लागतो, आणि तोही संगणक, केबल, मॉनिटर तिन्हीकडे. रिफर्बिश्ड संगणक घेतलेला असेल तर हे आधी तपासा. ‘पुढची दहा वर्षे बघायला नको’ म्हणून मॉनिटर फोर-के आणि संगणक दहा वर्षांपूर्वीचा, ही जोडी जमत नाही.

टीव्हीचे काय, हा प्रश्नही येतो, कारण बत्तीस इंची टीव्ही मॉनिटरच्या किमतीत मिळतो आणि डोळ्यांत भरतो. त्याचे रेझोल्युशन १३६६ × ७६८ असेल तर दाटी ४९. चार मिलिमीटरच्या अक्षराला आठसुद्धा धड येत नाहीत. त्यातून बरेच टीव्ही चित्राच्या कडा कापून ते किंचित फुगवतात, म्हणजे मूळ आकडा देऊनही ताणलेलेच. सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधून हे फुगवणे बंद करावे लागते. दहा फुटांवरून मॅच बघायला तो उत्तम आहे. वर्गात मागच्या बाकावरून बघायलाही ठीक, फक्त शिक्षकांनी अक्षर मोठे ठेवावे.

दुकानात गेल्यावर मॉनिटरवर फिरत असलेला निसर्गाचा व्हिडिओ बघू नका. पोपट आणि धबधबा कुठल्याही पडद्यावर छानच दिसतात. नोटपॅड उघडायला सांगा, फॉन्ट मंगल किंवा निर्मला, माप अकरा, आणि एक ओळ टाइप करा: घर धर, भरण मरण, कर्तृत्व, राष्ट्र, द्वंद्व, उद्ध्वस्त. रेझोल्युशन ‘रेकमेंडेड’वर आहे ना ते बघा. मग हातभर मागे सरकून वाचा. घर आणि धर वेगळे दिसले नाहीत तर त्या मॉनिटरचे खोके उघडायला लावू नका. नंतर बाजूला, अर्जदार उभा राहतो तिथे, जाऊन बघा. रंग उडालेले आणि अक्षर फिके दिसले तर पॅनेल साधे टीएन आहे, आयपीएस मागा. सेवा केंद्र, ग्रामपंचायत, दुकान, घरचा अभ्यास यांना साडेएकवीस ते चोवीस इंची, फुल एचडी, आयपीएस मॉनिटर आणि त्याबरोबर एचडीएमआय केबल एवढे पुरते. त्यावर पैसे उरले तर मोठ्या पडद्यात घालू नका, यूपीएसची बॅटरी बदलून घ्या.